टाकी तीनमधलं मीठ

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही. पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरत राहतं आणि तो दिवसभर लघवी करून ते बाहेर टाकत राहतो.

*

आमच्या भागात ज्या बाईची मुलं लागोपाठ जातात, ती पुढच्या मुलाचं नाव उरकुडा ठेवते. उरकुडा म्हणजे उकिरडा. उकिरड्यावर मरणाची नजर जात नाही.

*

दाताच्या डॉक्टरने टाकून दिलेलं, पायाने चालवायचं ड्रिल. टोकाला एक मिलिमीटरचं पातं.

*

सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला की डाग काळा पडतो. साबणाने जात नाही. कातडीच झडावी लागते.

*

बाराव्या दिवसापर्यंत बाळाला त्या घरात नाव नव्हतं. नुसतं पाव्हना म्हणत.

*

मला मासे मरायला हवे होते.

*

शेवटचं वाक्य आधी उलगडते, म्हणजे बाकीचं सांगता येईल.

साल १९८३. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी. करत होते. माशाच्या मेंदूखाली ज्वारीच्या दाण्याहून लहान एक गाठ असते. ती रक्तात एक द्रव्य सोडते आणि त्या द्रव्याच्या हुकमाने माशाचे कल्ले आणि मूत्रपिंड अंगातलं मीठ धरून ठेवतात. गाठ काढून टाकली की मीठ झिरपून जातं आणि पाच ते सात दिवसांत मासा मरतो. हे मला तिलापियावर दाखवायचं होतं. टाकी तीनमध्ये गाठ काढलेले बारा मासे. टाकी चारमध्येही गाठ काढलेलेच बारा, पण त्यांना रोज ते द्रव्य टोचायचं. तीनमधले मेले आणि चारमधले जगले, तर माझा प्रबंध झाला.

परदेशातून टपालाने आलेलं ते द्रव्य एका इवल्या बाटलीत होतं, मेंढीच्या गाठीपासून काढलेलं. दोन वेळच्या प्रयोगांना पुरेल एवढंच. पुन्हा मिळणार नव्हतं. मार्चअखेर माझी मुदतही संपत होती.

आणि टाकी तीनमधले मासे मरत नव्हते.

“किती गेले?” चांदूरकर सरांनी विचारलं. ते माझे मार्गदर्शक. टाकीच्या काचेला नाक लावून उभे होते.

“एकही नाही सर.”

“आज कितवा दिवस?”

“सातवा.”

“गाठ काढलीस की गाठीला नमस्कार करून परत आलीस?”

“काढली सर. बाराही बाटलीत ठेवल्यात. दाखवते.”

“बाटलीतलं परीक्षकांना दाखव. मला मेलेले मासे दाखव.”

ते गेल्यावर मी एक मासा बाहेर काढला, मारला, कवटी उघडली. गाठीची खाच रिकामी होती. काम चोख झालं होतं. मग मला काय सुचलं कोण जाणे, टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. पाण्यात मीठ जितकं, तितकं ते त्याने पांढरं होतं; आमच्या बोअरच्या पाण्यात जेमतेम धुरकट रंग यायचा.

पाणी दह्यासारखं पांढरं झालं.

त्या टाक्यांना आमच्या दोघांशिवाय हात लावणारा एकच माणूस होता. उरकुडा नान्हे, आमचा प्रयोगशाळेचा शिपाई. पस्तिशीचा, काटकुळा, हंगामी नेमणुकीवर नऊ वर्षं काढलेला. मागच्या नळाशी तो रबरी नळ्या धूत बसला होता.

“उरकुडाभाऊ, टाकी तीनमध्ये काय टाकलं?”

त्याने नळी खाली ठेवली.

“मीठ टाकलो जी.”

“मीठ!”

“खडेमीठ. पानी बदललं का दोन मुठी.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोन कायले सांगन? आमी ढिवर आहो मॅडम, मासोळ्या धरनारे. जित्ती चिलापी, हेच तुमची मासोळी, बाजारात न्यायची तं डब्यातल्या पान्यात मूठभर मीठ टाकाच लागते. खरचटलेली मासोळी त्यानं तग धरते. अन् तुमी तं टाळूले भोकच पाडता.”

“मला ते मरायला हवे आहेत!”

“सारे?”

“या टाकीतले सारे.”

“अन् त्या टाकीतले?”

“ते जगायला हवेत.”

त्याने दोन्ही टाक्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “मंग यायनं काय घोडं मारलं?”

मला हसू यायला हवं होतं. मी त्याच्यावर ओरडले. अर्धी बाटली संपली होती, दीड महिना पाण्यात गेला होता. पुन्हा असं केलं तर सरांना सांगेन, आणि सर तुम्हाला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाहीत, असंही म्हटलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मी थकून स्टुलावर बसले, तेव्हा म्हणाला,

“चुकलं जी. पन एक इचारू? मिठानं ते वाचले काऊन?”

त्या क्षणी मला त्याचा राग यायचा थांबला. चार वर्षांत विभागात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सरसुद्धा “आकडे आण” एवढंच म्हणत. मी त्याला सगळं समजावलं. खडूने फरशीवर मासा काढला. गाठ दाखवली. हुकूम कसा जातो, तो थांबला की मीठ कसं वाहून जातं, आणि बाहेरच्या पाण्यातच मीठ असलं तर अंगातलं जायचं थांबतं, म्हणून गाठ नसतानाही मासा कसा निभावतो.

“म्हंजे गाठीचं काम मिठानं केलं.”

“थोडे दिवस, हो.”

“मानसाले असते का अशी गाठ?”

“मीठ धरणारी असते. आपली इथे असते, मूत्रपिंडाच्या डोक्यावर.” मी पाठीवर हात ठेवून दाखवलं.

“ते बिघडली तं?”

“मीठ निघून जाईल. लघवीतून.”

“मंग?”

“मग मीठ द्यावं लागेल,” मी म्हटलं. “आणि औषध.”

त्याने पायाने फरशीवरचा मासा पुसला, पण गाठ काढली होती तेवढी जागा सोडून.

*

उरकुडाच्या घरची हकीकत विभागात सगळ्यांना माहीत होती. त्याच्या आधीचे तीन भाऊ तान्हेपणीच गेले, म्हणून त्याचं हे नाव. त्याची बायको पार्बता त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांना दोन मुलगे झाले. दोन्ही गुटगुटीत जन्मले आणि दोन्ही तिसरा आठवडा लागता लागता गेले. आता ती तिसऱ्यांदा गरोदर होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

“काय झालं?”

“पोरगा जी.”

“अरे वा! पेढे कुठे आहेत?”

“बारसं होऊ द्या,” तो म्हणाला, आणि टाक्या धुवायला लागला.

सरांनी त्याला ऐकवलंच. “नान्हे, या खेपेला नाव चांगलं ठेव हं. तुझ्यासारखं नको.”

“नाव तं ठेवूच सर. नाव ठेवाले पोरगा पायजे.”

बाळ सहा दिवसांचं झालं त्या दिवशी मी प्रयोग दुसऱ्यांदा सुरू केला. चोवीस मासे. उरकुडा मासा ओल्या फडक्यात उताणा धरायचा, अंगठ्याने जबडा उघडा ठेवायचा. मी ड्रिलने टाळूला भोक पाडून काचेच्या नळीने गाठ शोषून घ्यायचे. त्याचे हात इतके स्थिर होते की माझं अर्धं काम त्यानेच केलं असं म्हणता येईल. संध्याकाळी पाचपर्यंत चोवीस मासे झाले. निघताना त्याने माझ्यादेखत खिसे उलटे करून दाखवले.

“मीठ नाई जी.”

तो थट्टा करत होता. मी मात्र तेव्हा मनाशी म्हटलं, बरं झालं दाखवलं.

*

दिवस दुसरा. टाकी तीन : सगळे जिवंत. खाणं कमी.

दिवस तिसरा. टाकी तीन : दोन मासे तळाशी. रंग गडद.

“मॅडम, हे काळे काऊन पडून राह्यले?”

“होतं तसं.”

“पाव्हनाही काळा पडून राह्यला.”

“बाळं आधी गोरी दिसतात, मग रंग बदलतो.”

“तसं नाई. छातीचे बोंडं न् खाली, जांघेत. डांबरावानी. पयल्या दोघाईचंही असंच होतं.”

मी टिपण घेत होते. बाळाचा नववा दिवस होता.

दिवस चौथा. टाकी तीन : एक मृत. टाकी चार : सगळे जिवंत, खातात.

त्या दिवशी सकाळी तो बाळाला दवाखान्यात दाखवून उशिरा आला. बाळ दूध ओकत होतं. पाजलं की ओकायचं, भुकेने रडायचं, पुन्हा ओकायचं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, आईचं दूध बाधलं असेल म्हणाले, पुड्या दिल्या.

“लघवी करते का?” मी विचारलं. जुलाब-उलट्यांनी बाळ सुकलं की लघवी थांबते, एवढं मला ठाऊक होतं.

“धो धो करते जी. अंगात पानी नाई, तरी लंगोट सुकत नाई.”

मी “मग बरं आहे” म्हटलं.

हे मी जसं घडलं तसं लिहिते आहे. अंग सुकलेलं, आणि तरीही लघवी थांबत नाही, म्हणजे तिच्यातून मीठ चाललं आहे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, छापील बावन्नाव्या पानावर, माझ्याच भाषेत हेच लिहिलेलं आहे. तिथे कर्ता मासा आहे.

*

दिवस पाचवा. बाळाचा अकरावा.

मी टाकी चारमधल्या माशांना टोचत होते. बाटलीत जेमतेम तळ ओला होता. एकेक थेंब मोजून घ्यावा लागत होता. उरकुडा शेजारी उभा राहून बोलत होता.

“...तं मीठ द्यू का जी त्याले?”

“काय?”

“पाव्हन्याले. तुमी म्हनलं होतं ना, गाठ बिघडली तं मीठ द्यावं लागते. पयले दोघंही असेच गेले. दूध ओकायचं, काळं पडायचं, सुकायचं. थे तुमच्या टाकीतल्यावानीच.”

मी त्याला म्हटलं, “इथे वेळ घालवू नका, बाळाला मोठ्या दवाखान्यात न्या.”

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगितली, तेव्हा तेव्हा इथपर्यंत अशीच सांगितली. नवऱ्याला सांगितली. एकदा वर्गातही सांगितली. ते वाक्य मी म्हटलं, यात खोटं काही नाही. पण ते दुसरं वाक्य होतं. त्याच्या आधी असं झालं :

हातातला मासा निसटून जमिनीवर पडला. सुई वाकली. बाटलीतला एक अख्खा डोस फरशीवर सांडला. मी मासा उचलून टाकीत टाकला आणि उरकुडाकडे वळले.

“मीठ, मीठ! तुला सगळीकडे मीठच दिसतं का रे? आधी माझा प्रयोग बुडवलास, आता पोराचा जीव घ्यायचाय? अकरा दिवसांच्या बाळाला मीठ देतं कोणी? मूत्रपिंडं जातील त्याची. मासा आहे का तो?”

माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा एकेरीत बोलत होते.

“तुमीच म्हनलं होतं,” तो हळू म्हणाला.

“मी माशाचं सांगत होते.”

“मानसाचंही सांगतलं होतं.”

“उरकुडा, मी डॉक्टर आहे की तू?”

मी तेव्हा कुठलीच डॉक्टर नव्हते.

तो मग खाली बसला, फरशीवरचं पाणी फडक्याने टिपून घेतलं, वाकलेली सुई उचलून तबकात ठेवली.

“नाई देत मंग,” म्हणाला. “तुमी म्हनता तं नाई देत.”

“मोठ्या दवाखान्यात न्या,” मी म्हटलं.

*

दिवस सहावा. टाकी तीन : आणखी सहा मृत. एकूण सात.

बाळाचं बारसं. उरकुडा सुट्टीवर.

दिवस सातवा. टाकी तीन : आणखी पाच मृत. एकूण बारा. टाकी चार : बाराही जिवंत.

सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, प्रयोगशाळेच्या बर्नरवर, काचपात्रात. “काय रेष आलीय!” आलेख हातात धरून म्हणाले. “बघ, कशी सरळ खाली उतरलीय. आता दे म्हणावं परीक्षकांना तोंड.”

“उरकुडा आला नाही सर आजही.”

“अगं, त्याचं पोरगं गेलं म्हणे आज पहाटे. ऑफिसात निरोप आलाय. तिसरं ना?”

“तिसरं.”

“काही तरी दोष असणार घरात,” सर म्हणाले आणि आलेखाकडे वळले. “इथे मात्र अक्षांवर शाईने लिही.”

मी शाईने लिहिलं.

*

चार दिवसांनी तो आला. दाढी वाढलेली, डोक्याचे केस काढलेले. त्याने टाकी तीन रिकामी केली, मीठ लागलेली फरशी घासावी तशी काच घासली, नव्हतं ते मीठ घासून काढलं. मी जवळ गेले. काय बोलायचं ते तयार करून गेले होते.

“मोठ्या दवाखान्यात नेलं होतं का?”

“नेत होतो. रस्त्यात गेलं.”

“पार्बता कशी आहे?”

“बसून राहते. दूध येते अजून.”

त्याने फडकं पिळलं आणि काचेची दुसरी बाजू घासायला घेतली.

“तुमचे मेले का जी? बराबर?”

“हो.”

“सारे?”

“बाराच्या बारा.”

“मंग झालं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो फार शोधला, नंतरही पुष्कळ वर्षं. नव्हता. त्याला खरंच वाटलं असावं की एकाचं तरी काम झालं.

जूनमध्ये त्याची नेमणूक पुढे वाढली नाही. कारण माझं नव्हतं. त्या वर्षी हंगामी सगळेच गेले. तो आणि पार्बता तिच्या गावी, तलावावर राहायला गेले असं कळलं. मी गेले नाही. जायचं ठरवून दोनदा बसस्टँडपर्यंत गेले, हेही लिहून ठेवते. त्याचा उपयोग काही नाही.

*

अकरा वर्षांनी आमच्या कॉलेजात आरोग्यसप्ताह होता. एक तरुण बालरोगतज्ज्ञ बाई बोलायला आल्या होत्या. मी तोवर विभागप्रमुख झाले होते, पहिल्या रांगेत बसले होते. त्या नात्यातल्या लग्नांविषयी बोलत होत्या, आणि बोलता बोलता एका जन्मजात आजाराकडे आल्या. मूत्रपिंडावरची ग्रंथी मीठ धरणारं द्रव्य करूच शकत नाही. मुलगी असेल तर जन्मताच शरीरावर खूण दिसते. मुलगा मात्र अगदी नीट दिसतो. जन्मतो गुटगुटीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकायला लागतो, सुकतो, तरी लघवी होत राहते, छातीची बोंडं आणि जांघ काळी पडते. खेड्यात त्याला जुलाब-उलटी समजतात. एकाच घरात मुलगे असे एकामागून एक जातात.

टाळ्या झाल्या. आभार मानायला मला माइकपाशी बोलावलं. आभार मानायच्या जागी मी प्रश्न विचारला.

“औषध हाताशी नसेल, आणि नुसतं मीठ दिलं तर?”

“मिठाचं पाणी? औषधाला पर्याय नाही तो,” त्या म्हणाल्या. “पण थोडे दिवस मिळतात.”

“थोडे म्हणजे किती?”

“ते कसं सांगणार मॅडम? मोठ्या दवाखान्यात पोचण्यापुरते मिळू शकतात.”

मी आभार मानले. कोणी तरी त्यांना नारळ दिला.

माझा प्रबंध ग्रंथालयात आहे, निळ्या बांधणीत. टाकी तीनचा आलेख अठ्ठ्याण्णवाव्या पानावर आहे. त्यात चूक नाही. नंतर दोघांनी तो प्रयोग पुन्हा केला, त्यांचेही मासे तसेच मेले.

त्या पाचव्या दिवसाच्या आदल्या रात्री उरकुडाने बाळाला चार चमचे मिठाचं पाणी पाजलं होतं, त्यानंतर बाळ तीनदा दूध प्यायलं आणि ओकलं नाही, हे त्याने मला, ‘मीठ द्यू का’ विचारण्याच्याही आधी, सगळ्यात आधी सांगितलं होतं.